परत न आलेली कॅसेट

आमचं वाचनालय म्हणजे जिन्यावरची एक खोली. पाच कपाटं, एक लांब टेबल, आणि मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. मी तिथली ग्रंथपाल, आणि झाडूही मीच मारायची. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं जे काय शिकले ते त्या कपाटांतून एकेक काढून. यजमान गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मी उघडायच्या वेळेआधीच जाऊन बसायची. सकाळी पुरुष पेपर वाचायला यायचे, वाचून जायचे. दुपारी कुणी नाही. एक सोडून.

ती कामतघरच्या चाळीत राहायची, मूळ घर वडप्याला. घरी कांड्या भरायची, म्हणजे लूमला लागतं ते सूत कांड्यांवर गुंडाळायचं काम. माझ्याच वयाची, तरी मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला बाई. दुपारी यायची, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. मी समोर पुस्तकांना कव्हरं घालत बसायची. बोलणं फारसं नाहीच. पण समोर कुणी बसलेलं असलं की दुपार सरते, एवढं मला ठाऊक आहे.

मग तिला दिसेनासं झालं. साखर होती, कळायला उशीर झाला. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढंच दिसायचं. कठडा चाचपत ती जिना चढून आली आणि हातातली कादंबरी टेबलावर ठेवली. अर्धीच झाली होती.

"बाई, माजं नाव काढून टाका. उगा कशाला ठेवायचं?"

"राहू दे गं. काहीतरी करते मी."

काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं. ती गेल्यावर मी तिची खुर्ची टेबलाखाली सरकवली, मग परत बाहेर काढून ठेवली.

वाचनालयात एक टेपरेकॉर्डर होता, व्याख्यानं भरून ठेवायला समितीनं घेतलेला. कार्यवाहांकडे तो मागितला, तर म्हणाले, "वाचनालयात वाचायचं असतं बाई, ऐकायचं नसतं."

"दिसत नाही त्यानं काय करायचं?"

"मग घरी जाऊन दाखवा वाचून."

"जाते की. तेवढा वेळ इथं तुम्ही बसा, झाडू कोपऱ्यात आहे."

मिळाला टेपरेकॉर्डर. जिथं तिचं वाचन थांबलं होतं त्या पानापासून मी सुरुवात केली. चार दुपारी, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, अगदी सावकाश वाचलं. कॅसेट घेऊन तिच्या चाळीत गेले. तिच्या मुलाचा टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. शेजारच्या बायकाही आपापल्या कांड्या घेऊन येऊन बसल्या. बटण दाबलं, आणि आली ती नुसती खडखड. लूमची. त्याच्या पार खाली, विहिरीत पडल्यासारखी, एक बाई काहीतरी बोलत होती. ती मी.

शेजारणींतली एक म्हणाली, "ही कसली गोष्ट? ही तर आमच्या ह्यांची शिफ्ट हाय." सगळ्या हसल्या.

"गप ऱ्हावा गं," वहिनी म्हणाली. "त्याच्यामागं बाई हायेत." आणि तिनं कान अगदी स्पीकरच्या जाळीला लावला.

मी खजील झाले. पण खरं सांगू, वाचताना मला लूम ऐकूच आले नव्हते. त्या भिंतीपाशी इतकी वर्षं काढली होती. आमच्या गावात लूम कुणालाच ऐकू येत नाहीत. ते थांबले की मात्र सगळे मान वर करून बघतात.

मग मी शुक्रवार धरला. शुक्रवारी लाइट बंद, लूम बंद, वाचनालयालाही सुट्टी. मी कुलूप काढून एकटीच आत बसायची, टेपमध्ये सेल घालून वाचायची. त्या शांततेत माझाच आवाज मला परका वाटायचा. पण कॅसेटी लख्ख निघाल्या. ती कादंबरी पुरी झाली, पुढे दुसऱ्याही झाल्या. चाळीतल्या बायका कांड्या भरता भरता ऐकायच्या, आणि दर शनिवारी मी नवी कॅसेट पोचवायची. तिच्याशेजारी बसून ऐकायची मीही.

असं काही वर्षं चाललं. मग वडप्याची त्यांची जमीन गोडाऊनला गेली, मुलानं तिकडेच घर बांधलं. निघायच्या दिवशी वहिनी सगळ्या कॅसेटी घेऊन रिक्षानं आली.

"ह्या घ्या. ती पयली तेवढी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

"अगं, ती बिघडलेली. पुसून दुसरं भरणार होते मी."

"पुसू नका. तिकडं दुपारचं घरात कुनी नसतंय. ती लावली की मी हितं बसलेली आन् तुमी समोर. तुमच्या त्या चांगल्या कॅसेटींत वाचनालय न्हाय."

हात धरून तिला जिना उतरवला.

पत्र लिहायला बसले की काय लिहावं सुचायचं नाही. वाचनालयाची छापील कार्डं होती, "आपल्याकडील पुस्तक त्वरित परत करावे." त्यातला पुस्तक शब्द खोडून कॅसेट लिहिलं आणि पाठवलं. सुनेच्या अक्षरात उत्तर आलं, "आई म्हणतात, अजून ऐकून झाली नाही." मी टेबलाशी एकटीच हसले. मग दरवर्षी एक कार्ड जायचं आणि तेच उत्तर यायचं.

एका वर्षी उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. वडपे काही लांब नाही, पण मी गेले नाही. गेले असते तर कळलं असतं.

पुढं समितीनं कॉम्प्युटर घेतला. सगळी यादी त्यात चढवायला एक मुलगी ठेवली. कॅसेटींपाशी आल्यावर तिनं विचारलं, "बाई, ही एक नंबरची कॅसेट कपाटात नाही. गहाळ टाकू?"

"नको," मी म्हटलं. "वाचकाकडे टाक."

"आणि परतीची तारीख?"

"ती रिकामी ठेव."