ईझी ऑर

मयेकरबाईंनी माझा चेहरा नंतर पाहिला, आधी हात पाहिले. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात प्रार्थना संपल्यावर त्यांनी आम्हा सगळ्या मुलींना हात समोर धरायला लावले. नखं तपासणार असं वाटून मी मुठी आवळल्या. बाई माझ्यापुढे थांबल्या, खांद्यापासून बोटांपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी गेटवर ये. जुने कपडे घाल. पोहता येतं?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आधी ते शिकशील," म्हणून त्या पुढच्या मुलीकडे गेल्या. तोवर माझे हात हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. तयार कुडत्यांच्या बाह्या मला कधी पुरायच्या नाहीत आणि आई त्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालायची. त्या हातांचं कुणाला काही कौतुक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाई आमच्या मुलुंडच्या मराठी शाळेत पी.टी. शिकवायच्या. बुटक्या, किडकिडीत, केसांचा घट्ट अंबाडा, पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गाव मालवणकडचं. वर्गात त्या अगदी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण पाण्यावर गेल्या की पाचव्या मिनिटाला मालवणी सुरू. पवईच्या तलावावर एका क्लबच्या जुन्या बोटी होत्या आणि क्लब त्या शाळांना वापरू देत असे. तिथं बाईंनी आम्हा चौघींना नेलं: मी, श्रद्धा, रेश्मा, प्राजक्ता. तलावात मगरी आहेत हे ऐकून प्राजक्ता रडायला लागली, तर बाई म्हणाल्या, "मगर तुमका खाऊची नाय गो. नुसत्या हाडांक काय चव?"

आमची बोट चौघींची. प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं, आणि पाचवी शेपटाकडे बसून दिशा सांभाळणार. सरावाला ती पाचवी जागा बाईंची. नवख्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते: वल्हवणारा उलटा बसतो. बोट जिकडे चालली तिकडे त्याची पाठ असते. पुढचं दिसतं फक्त दिशा सांभाळणाऱ्याला. मी बाईंच्या सगळ्यात जवळ, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. सुरुवातीला मी सारखी मान वळवून मागे बघायची. मग बाई ओरडायच्या, "पुढे काय आसा ता मी बघतंय. तू ओढ." हे वाक्य मी पुढची सात वर्षं ऐकलं. आणि त्यातली बरीच वर्षं त्यांचा चेहरा पाहिला. आईचासुद्धा मी इतका नीट पाहिलेला नाही. उजवी भुवई वर गेली की समोर काहीतरी तरंगतंय, ओठ आत ओढले की वारा आडवा आहे. मला पुढचं जे काही कळायचं ते त्यांच्या तोंडावरूनच.

पहिल्या दिवशी आम्ही जे केलं ते क्लबात नंतर कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. वल्हवणं थांबवायचं असेल तर हुकूम असतो 'ईझी ऑर'. बाईंनी तो समजावून सांगितला असणार, पण आमचं लक्ष मगरींकडे. काठ जवळ आल्यावर बाई ओरडल्या, "ईझी ऑर!" आम्ही मराठी माध्यमाच्या, इंग्रजीची बोंब, हिंदी मात्र रस्त्यावरचं पक्कं. आम्हाला ऐकू आलं 'और'. और म्हणजे आणखी. आम्ही जोर लावला. बाई आणखी मोठ्यानं ओरडल्या, आम्ही आणखी मोठ्यानं ओढलं. बोट सरळ जलपर्णीत घुसली आणि बाईंच्या मांडीवर ओला पाला येऊन पडला. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. बघते तर बाई पोट धरून हसताहेत. "थांबाक सांगलंय तर धावतंत," म्हणाल्या. "ह्या बोटीचा काय तरी होतला." पुढे तो आमचा घरचा विनोदच झाला. डब्यातली पोळी एकीला वाढली आणि 'बस' म्हणून ती म्हणाली 'ईझी ऑर', की तिच्या पानात आणखी एक पडायची.

बाईंना हवी होती एकच गोष्ट, आणि ती आम्हाला नववीत कळली. त्या कॉलेजात असताना त्यांची अशीच चौघींची बोट होती. स्पर्धेच्या दिवशी चौथी आलीच नाही. घरच्यांनी सोडलं नाही. तिघी बोटीजवळ उभ्या राहिल्या आणि पंचांनी त्यांना परत पाठवलं. "जिंकणं-बिंकणं सोडा," बाई म्हणाल्या, "मला एकदा चौघी सुरुवातीच्या रेषेवर बघायच्या आहेत. माझ्या शाळेच्या." हे त्यांनी वर्गातल्या मराठीत सांगितलं, म्हणून जास्तच लागलं.

त्यासाठी बाईंनी काय नाही केलं? स्पर्धा कॉलेजांचीच असायची, शाळांची नाही. दहावीनंतर चौघी चार कॉलेजांत जाणार हे दिसल्यावर त्या एकेकीच्या घरी जाऊन बसल्या. रेश्माच्या बाबांना सायन्स हवं होतं, श्रद्धाच्या आईला घराजवळचं कॉलेज. आमच्याकडे आईनं पोहे केले आणि विचारलं, "बाई, होडी चालवून हिचं पुढे काय होणार?" बाईंनी पोहे संपवले. मग म्हणाल्या, "काही नाही होणार. तरी द्या." आईनं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. अशा रीतीनं आम्ही चौघी एकाच कॉलेजात गेलो. तिथं रोइंग कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. जिमखान्याच्या सरांनी विचारलं होतं, "मतलब बोटिंग ना?"

कॉलेजचं नाव लावून आम्ही सराव करत राहिलो आणि बाई शाळा भरायच्या आधी येत राहिल्या. आता त्या बऱ्याचदा काठानं चालत ओरडायच्या, कारण स्पर्धेत पाचवी जागा कॉलेजच्याच मुलीला द्यावी लागते. दर वर्षी एफवायची एखादी चिमुरडी आम्ही त्या जागेला तयार करायचो. बाईंनी तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं बूड कापून भोंगा केला होता. त्यातून त्यांचा आवाज यायचा, आणि शेंगदाणा तेलाचा वाससुद्धा येतो असं श्रद्धा म्हणायची. पण सारखी कुणीतरी गळायची. एका वर्षी रेश्माची पाठ गेली. एका वर्षी प्राजक्ताची परीक्षा त्याच दिवशी आली. पुढच्या वर्षी जलपर्णी इतकी पसरली की स्पर्धाच रद्द. बाईंचा चेहरा माझ्यासमोर नसायचा, पण काठावर भोंगा खाली घेऊन उभं राहण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून समजायचं.

टीवायला, शेवटच्या संधीला, आम्ही चौघी आलो. खरंच आलो. श्रद्धा नोकरीच्या ट्रेनिंगला दांडी मारून, रेश्मा पाठीला पट्टा बांधून. बाईंनी चौघींना पाहिलं आणि उगाचच आमच्या वल्ह्यांची टोकं रुमालानं पुसत बसल्या. बोट पाण्यात सोडली, रेषेवर गेलो. तेवढ्यात कळलं की दुसऱ्या कॉलेजची बोट येतच नाहीये. आमच्या गटात बोटी दोनच होत्या. एकटी बोट असेल तर शर्यत धरत नाहीत, असा नियम. वाट लागली.

आम्ही बोट काठाला घेतली आणि बाई पंचांकडे गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्या विनवत होत्या. "चौघी आहेत हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मोजून बघा." पंच भला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, वेळ नाही मोजता येणार. पण पाणी मोकळं आहे, घेऊन जा हवं तर." बाईंनी एफवायच्या मुलीला हळूच उठवलं. "मोजायचंच नसेल तर कोण बसलंय यानं काय फरक पडतो?" म्हणाल्या आणि स्वतः माझ्यासमोर बसल्या.

असं आम्ही कधीच वल्हवलं नव्हतं. चार वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर, आणि मध्ये बोटीखालून पाणी सरकल्याचा आवाज. शेवटची रेषा गेली. काठावर कुणी टाळी वाजवली नाही. आम्ही 'ईझी ऑर'ची वाट बघत होतो. बाई काही बोलेनात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, भुवई नाही, ओठ नाही, काही हलत नव्हतं. नुसते डोळे भरलेले. "बाई, पुढे काय आहे?" मी धापा टाकत विचारलं. "मी बघतंय," त्या म्हणाल्या. "तू ओढ." आम्ही ओढत राहिलो, आणि बोट हळूहळू जड होत जलपर्णीत रुतून थांबली. पहिल्या दिवशी रुतली होती तशीच, पण या वेळी कुणी हसलं नाही.

त्यानंतर आमची चौघींची बोट झालीच नाही. श्रद्धा बंगळूरला गेली, प्राजक्ता दुबईला, रेश्माला डॉक्टरांनी वाकायलाही बंदी केली. मी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात चिकटले. शाळेत आठवीला पाच मुली उरल्या, मग मराठी माध्यमच बंद झालं. इमारत आहे, पाटी इंग्रजी आहे. बाई रिटायर होऊनही तलावावर जायच्या. मी एकदा रविवारी गेले, तर भोंगा मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या. समोर पाणी दिसतच नव्हतं, सगळं हिरवं. "नवीन मुली?" मी विचारलं. "हात आहेत गो लांब," त्या म्हणाल्या, "पण सगळे मोबाइलात." बोलताना मध्येच दम लागून थांबल्या. फुफ्फुसं कडक होत चालली होती, त्याला औषध नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

बाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात होते. उशाशी त्यांची वहिनी जपमाळ घेऊन बसलेली. बाईंना टेकून बसवलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी समोर पायथ्याशी उभी, म्हणजे माझ्या नेहमीच्याच जागी. फक्त आता आकडे दाखवणारं यंत्र त्यांच्या डोक्यामागे होतं. ते मला दिसत होतं, त्यांना नाही. प्रत्येक श्वासाला खांदे वर यायचे, गळ्याच्या शिरा ताणायच्या. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता काही करण्यासारखं नाही.

बाईंनी हात उचलून मागच्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि भुवई वर केली. पुढे काय आसा?

"मी बघतेय, बाई," मी म्हणाले. यंत्रावरचा आकडा खाली खाली येत होता. मला ते ओढणं बघवेना. त्यांचा हात घेतला. भोंगा धरून पडलेला घट्टा अजून तसाच होता. वाकून कानाशी म्हटलं, "बाई, बस झालं. ईझी ऑर."

त्यांनी डोळे उघडले. मास्कच्या आत ओठ हलले.

"और?" त्या म्हणाल्या, आणि पुढचा श्वास ओढला.