थंडीपुरते आलेले

घिवलीच्या किनाऱ्यावर बांबूंना टांगून बोंबील वाळत घालणाऱ्या एका काकींचं मासे पळवणाऱ्या कुरव पक्ष्यांशी रोजचं भांडण असायचं. पांढरा पक्षी बांबूंजवळ उतरला की “मेल्या!” म्हणत त्या दगड भिरकावायच्या. मी बोईसरच्या कंपनीतला, मूळचा सांगलीकडचा; रविवारी दुर्बीण घेऊन तिथं जायचो. एकदा न राहवून म्हणालो, “काकी, नका मारू. थंडीपुरते आलेत, पार बर्फाच्या मुलखातून.” त्यांनी हातातला दगड खाली टाकला. पुढं कुरवानं बोंबील पळवला तरी म्हणायच्या, “खाऊ दे, घर सोडून आलाय.”

उन्हाळ्यात किनारा रिकामा झाला. “पाखरं गेली काय गावाला?” त्यांनी विचारलं.

“गेली.”

“आन तुमी कवा जाणार, भाऊ? आई वाट बगत नाय?”

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर एकही पक्षी नव्हता.