लिबोरियोकाकांचं नाक

मिग्दालियाला आम्ही सगळे मिग्दा म्हणतो. आमच्या दोघींच्या घरांच्या मध्ये एक कुंपण आणि एक लिंबाचं झाड आहे, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला न विचारता कळतं. आमच्या याउको गावात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती गेली सव्वीस वर्षं मशीनवर बसते. संध्याकाळी साडेपाचला सुटते, सहाला घरी पोचते आणि पाय न धुता चुलीपाशी उभी राहते, कारण आत तिचे वडील जेवायची वाट पाहत बसलेले असतात.

वडील म्हणजे लिबोरियोकाका. वय ब्याऐंशी. कॉफी भाजायच्या गिरणीत त्यांनी चाळीस वर्षं काढली. गिरणीचा मालक खरेदीला डोंगरात जायचा तेव्हा यांना बरोबर न्यायचा. पोत्यात मूठ घालून काका हुंगायचे आणि एका शब्दात सांगायचे, घ्या किंवा नको. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून मिग्दाच्या मंगळवारांना दृष्ट लागली.

मंगळवारी तिच्याकडे कोंबडीचा रस्सा. आमच्याकडे कुणाकडे नसतो? पण मिग्दाचा खास होता. आठवडाभर ती पाठीची हाडं, पाय, पंखांची टोकं फ्रीजरमध्ये साठवायची, ती तीन तास मंद आचेवर उकळून त्यांचं सूप काढायची आणि साध्या पाण्याऐवजी तेच रश्श्यात घालायची. कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि रानकोथिंबिरीचं वाटण, बटाटे, मूठभर ऑलिव्ह. बाजूला भात. मी स्वतः वाडगा घेऊन कुंपणाशी उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते.

आणि काका पहिला घास घेऊन म्हणायचे, "बरं आहे. पण तुझ्या आईच्या हातची चव नाही."

एकदा म्हणाले असते तर ठीक. ते दर मंगळवारी म्हणाले. मिग्दाने ऑलिव्ह बदलले. कोंबडीवाला बदलला. वाटण मिक्सरऐवजी लाकडी खलात कुटायला लागली. आईच्या बहिणीला फोन करून लसणाच्या पाकळ्या विचारल्या. काका चावत राहायचे, मग हळूच मीठ मागायचे.

"ओल्गा, एक दिवस मी ते पातेलं त्यांच्या डोक्यावर पालथं घालणार आहे," ती मला म्हणाली. "दीड वर्ष झालं. चारशे पोरांचे गणवेश शिवून दिले तरी मुख्याध्यापिका इतकी कटकट करत नाही."

मग एका मंगळवारी वीज जाऊन दोन दिवस झाले होते. आमच्याकडे ती पाहुण्यासारखी येते आणि सासरी निघालेल्या मुलीसारखी लगेच जाते. फ्रीजरमधलं सगळं वितळलं होतं. सकाळी कामाला निघताना मिग्दाने काकांना बजावलं. "बाबा, तीन वाजता हाडं गॅसवर ठेवा. आच मंद. झाकण लावायचं नाही. कळलं?"

"मला चूल शिकवते," काका म्हणाले.

काकांनी तीन वाजता हाडं ठेवली, आणि झाकण लावलं. सूप उतू गेलं, आच विझली, गॅस सुटतच राहिला. काका बाहेरच्या खोलीत सेलवरचा रेडिओ ऐकत बसले होते. वारा माझ्या घराकडून तिकडे वाहत होता, म्हणून मलाही काही कळलं नाही.

सहाला मिग्दा आली. दार उघडताच तिच्या नाकात भपकारा शिरला. आत संधिप्रकाश होता. काका ओट्यापाशी उभे होते, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली होती.

ती धावली नाही, असं तिनेच मला सांगितलं. धावली तर ते दचकून काडी ओढतील असं तिला वाटलं. ती चालत गेली, त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली, गॅसचं बटण बंद केलं आणि दंडाला धरून त्यांना अंगणात आणलं. मग बाहेरच्या सिलिंडरची चावी बंद केली, सगळ्या खिडक्या उघडल्या. मी कुंपणावरून पाहिलं तर ती लिंबाखाली बसली होती आणि काका तिच्यापुढे मेणबत्ती घेऊन उभे होते.

"एवढा वास येतोय बाबा. तुम्हाला आला नाही?"

"सर्दी झालीय."

"सकाळी नव्हती."

"दुपारी झाली."

मिग्दा उठली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "कॉफीचा डबा दे." मी दिला. नुकतीच दळून आणलेली कॉफी होती, झाकण काढताच माझ्या ओसरीभर घमघमाट झाला. तिने काकांना डोळे मिटायला लावले आणि डबा त्यांच्या नाकाखाली धरला.

"सांगा काय आहे."

काकांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. मला वाटलं ते चेष्टा करताहेत.

"कोथिंबीर," ते म्हणाले.

मिग्दाने डबा खाली घेतला. काकांनी डोळे उघडले, डबा पाहिला आणि मान फिरवली.

मग हळूहळू निघालं. बायको गेल्यानंतरच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, नाक परत आलं नाही. जिभेला खारट, गोड, आंबट कळायचं, बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं.

"मग सांगायचं ना."

"काय सांगू? लिबोरियोचं नाक गेलं म्हणून? गावभर झालं असतं. आणि तू मला घरात एकटं ठेवलं नसतंस. कुठेतरी म्हाताऱ्यांच्यात नेऊन टाकलं असतंस."

"म्हणून आईचं नाव पुढे केलंत? दीड वर्ष मी खलात कुटतेय, मनगट सुजलं माझं. आणि तुम्हाला पुठ्ठा वाढला असता तरी चाललं असतं."

"तिच्या हातचं मला आठवत होतं," काका म्हणाले. "तुझ्या हातचं कधी कळलंच नाही."

मिग्दा यावर विरघळली असेल असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. तिने एवढंच म्हटलं, "कोंबडी वितळलीय, ती काही उद्यापर्यंत थांबणार नाही," आणि पातेलं उचलून माझ्या चुलीवर घेऊन आली. अर्धंच सूप उरलं होतं. माझ्या कंदिलाच्या उजेडात तिने कोंबडीचे तुकडे इतक्या जोरात परतले की तेल माझ्या भिंतीवर उडालं. वाटण घातलं, सूप ओतलं, पाऊण तास शिजवलं. आम्ही तिघं जेवलो. काका काही बोलले नाहीत, आणि त्याचाही तिला राग आला.

पोन्से शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, या वयात नाक परत येईल असं धरून चालू नका. मिग्दाने गॅस सुटला की बोंब मारणारं यंत्र बसवलं. ते दोनदा उगाच वाजलं, दोन्ही वेळा काका बनियनवर रस्त्यात. त्यांच्या ताटात ती आता मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर ओतते, झोंबतं तेवढं त्यांना कळतं. भाताची तळाची खरपुडी पूर्ण त्यांनाच, कारण ती दातांना लागते.

मी मात्र दुसरंच काही पाहिलं. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे बसले होते. कोंबडी तेलात होती, मिग्दा बटाटे सोलत होती, काका दाराशी खुर्चीवर.

"उलट ती," काका म्हणाले. "आवाज बारीक झाला. पाणी गेलं तिचं."

मिग्दाने उलटली. खालची बाजू नेमकी तांबूस झाली होती. गिरणीत कॉफीचा दाणा तडकला की ते कानाने ओळखायचे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्यांच्या नाकाचंच कौतुक करत आले होते.

"आता सूप घाल," ते म्हणाले. "एवढं नको. आच कमी कर. झाकण थोडं सरकव, गुदमरतंय आत."

मिग्दाने सुरी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस? पूर्वी निदान ताट वाढेपर्यंत गप्प असायचे."

"बोलू नकोस मध्ये," काका म्हणाले. "ऐकू येत नाहीये."