विमानाचं न ऐकलेलं अक्षर
अगं, खुर्ची जवळ ओढून हे पत्र वाच, आणि आधी बोलणी खा. किती महिने नुसतं ‘येते, येते’ म्हणतेस! आज झेरॉक्सचा गरम कागद हातात आला आणि त्या वासाने नव्वदच्या दशकातला अमेरिकेतल्या नेपरव्हिलचा हिवाळा आठवला. तिथे माझ्या शेजारी एक अमेरिकन म्हातारबुवा राहायचे, नजर पार अधू झालेली. महायुद्धात जर्मन विमानाने त्यांच्या धाकट्या भावाचं जहाज बुडवलं होतं. जर्मनांचे गुप्त संदेश इंग्रजांनी तेव्हाच उलगडले होते, त्यांच्या झेरॉक्स म्हातारबुवांनी मागवल्या होत्या. तांदूळ निवडावेत तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून मी त्या वाचून दाखवायची. प्रत्येक जर्मन विमानाला ओळखीचं एक अक्षर असे; ते अक्षर कळलं की आतली माणसं कळणार, आणि म्हातारबुवांना त्या माणसांना एवढंच विचारायचं होतं, “पाण्यात एखादी होडी दिसली होती का?” अखेर त्या दिवसाचा कागद सापडला, पण अक्षराच्या जागी नुसतं टिंब. संदेश चोरून ऐकणाऱ्याला ते ऐकूच आलं नव्हतं. “‘के’ आहे ना? प्लीज, ‘के’ म्हण,” माझं मनगट घट्ट धरून ते म्हणाले. ‘के’ विमानातला एक जण हयात आहे, एवढं त्यांनी आधीच शोधलं होतं. मी म्हणाले, “येस, के.” त्यांनी जर्मनीला पत्र धाडलं आणि बर्फ वितळेपर्यंत रोज पत्रपेटीपाशी उभे राहिले. उत्तर आलं नाही, आणि तेही गेले. तो कागद माझ्याकडेच आहे. हल्ली माझेही डोळे साथ देत नाहीत, आणि वाटतं, ते टिंब नसेलच, ‘के’च असेल. लवकर ये गं, एकदा वाचून सांग मला.