कोण म्हणून येऊ

बोरी अरबच्या स्टँडवर बानं माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली, दोरीनं आवळली आणि खाली उतरून हात झटकत म्हणाला, "जाय. मांगं पाहू नको." मी खिडकीतून पाहिलंच. तो बसकडे पाठ करून पानटपरीवाल्याशी बोलत होता. आमच्या तांड्यावरून कॉलेजसाठी पुण्याला निघालेला मी पहिला. अर्धा तांडा सोडायला आला होता. मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यानंतर तीच बस धरलेल्यांनो, इथवरचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं मी अर्धंच सांगत आलो. याडी, माझी आई, या उन्हाळ्यात गेली, म्हणून आता उरलेलं लिहितो.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी मी वर्गात जाणं सोडलं. केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत "मले आठवून नाही राह्यलं" असं बोलून गेलो, आणि मागच्या बाकांनी तेच वाक्य महिनाभर चघळलं. तुम्हाला कारण म्हणून मी हेच सांगायचो. खरं म्हणजे त्यांचं हसणं महिन्यात संपलं, माझं बाहेर बसणं संपलं नाही. चहाच्या टपरीवर हजेरी घेत नाहीत. पत्रात मात्र लिहायचो, प्रॅक्टिकल जोरात चालू आहेत.

मग नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली. पालकांना आणा, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं. बोरीच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला. बा सोयाबीनच्या मळणीत अडकला होता, म्हणून याडी आली. मामा तेव्हा पुण्यात बांधकामावर होता. त्यानं तिला आमच्या विभागाच्या दारात सोडलं आणि तो कामावर निघून गेला.

आमच्या बायका दिसांनी भेटल्या की कशा भेटतात, हे तांड्याला सांगायला नको. पुण्याचं कोणी वाचलं तर त्याच्यासाठी लिहितो. गळ्यात पडून, सूर धरून रडतात. त्या सुरात शब्द असतात: किती दिसांनी दिसलास, किती वाळलास, गाय व्याली, आत्याच्या पोरीचं जमलं. ते भेटणं असतं. कोणी गेलेलं नसतं. याडीनं आरसे लावलेल्या चोळीत, आमच्या कांचळीत, भर व्हरांड्यात माझ्या गळ्यात पडून तसा सूर धरला.

आतलं प्रॅक्टिकल थांबलं. विभागप्रमुख सर बाहेर आले. शिपायाला पाणी आणायला सांगून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वडील?"

मी मान हलवली.

तोंडानं काही बोललो नाही, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण मान हलवली ती समजून उमजून. सरांचे डोळे भरून आले. "वेड्या, आधी सांगायचं नाही का," म्हणाले, आणि अर्जावर कारण त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. याडी बाकावर पाणी पीत होती. तिनं सरांना हात जोडले. सरांनी तिला त्याहून खाली वाकून जोडले.

होस्टेलवर माझ्या खोलीतला केदार, साताऱ्याकडचा, दोन दिवस माझं ताट खोलीवर आणत होता. "केस नाही काढलेस?" त्यानं विचारलं. "आमच्यात नाही काढत," मी म्हणालो. एक खोटं असं सगळ्या जातीच्या नावावर खपवलं.

तिसऱ्या वर्षी थंडीत बा न कळवता आला. मी लायब्ररीतून परतलो तर केदार दारात. "तुझे काका आलेत." आत माझ्या खाटेवर बा. नवं धोतर, पागोटं मांडीवर.

घडलं ते मागाहून केदारनंच सांगितलं. बा येऊन म्हणाला होता, मी त्याचा बा. केदार गोंधळून म्हणाला, त्याचे वडील तर मागच्या वर्षी वारले. बानं पागोटं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मी चुलता होय. आमच्यात चुलत्यालेबी बाच म्हनते."

मला पाहून तो केदारसमोर एवढंच बोलला, "बाप नाही म्हून पोराले एकटं वाटू नये. म्हून आलतो."

शिवाजीनगरच्या स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यात मी सगळं सांगितलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुह्या याडीले माहीत हाय?"

"नाही."

"मंग सांगू नको. कोनाच्या गळ्यात पडून रडाची नाही मंग ती."

मी पास झालो, नोकरी लागली, पुण्यातच राहिलो. लग्न तांड्यावर केलं. पुण्याचं कोणी बोलावलं नाही. पुण्यात माझा बा वारला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तांड्यावर तो त्यानंतर वीस वर्षं जगला. होस्टेलवरच्या त्या भेटीनंतर तो पुन्हा पुण्याला आला नाही. फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला मी मुद्दाम गावी गेलो. तो गोठ्यात होता. म्हणाला, "कोन म्हून येऊ?" टोमणा नव्हता तो. मी काका म्हणून ये म्हटलं असतं, तर तसाही आला असता. केदारला बोलावलं नसतं तरी चाललं असतं. खरं सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "पाहू," आणि केदारला बोलावलं. बा नाही म्हणून याडीही आली नाही. तूर सोंगाले आली, जमलं नाही, असं त्यानं तुम्हा सगळ्यांना सांगितलं.

तो खरोखर गेला तेव्हा ऑफिसात रजेचं कारण मी लिहिलं, घरगुती अडचण.

गेल्या आठवड्यात केदारला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, त्या दिवशी तू यायच्या आधी ते तासभर माझ्याशी तुझ्या वडिलांबद्दल बोलत होते."

"काय बोलत होते?"

"मीच विचारलं, कसे होते म्हणून. म्हणाले, मानूस रागीट होता. पन पोराले शिकाले धाडलं, तेवढं एक बरं केलं त्यानं."

घर कुठं, असं कोणी विचारलं की सवयीनं तोंडातून बोरी अरब निघतं. तांड्यावरच्या घराला आता कुलूप आहे. फ्लॅटच्या दारावर माझी पाटी आहे, पण त्या दारातून बा कधी आत आला नाही. मला जायचं राहिलंय ते होस्टेलच्या त्या खोलीत. बा खाटेवर बसून स्वतःला मेलेला धरून बोलतोय, आणि मी अजून लायब्ररीतून यायचोय. यायचं, आणि दारातूनच केदारला सांगायचं, हा माझा बा.