काकूंच्या घरापाशी वळलेला रस्ता

कार्बन पेपरच्या निळ्या डागांनी माखलेली दहा बोटं — परीक्षा संपलेल्या त्या उन्हाळ्यातलं मला आधी हेच आठवतं; मग त्या कागदाचा मेणचट वास, आणि गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांचा, खिडकीतून रेंगाळत येणारा आंबूस दरवळ...

शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला होता आणि त्यातल्या एका रुंद रस्त्याची लाल रेघ कोथरूडातल्या आमच्या गल्लीत शिरून केतकरकाकूंच्या बैठ्या घरातून, नेमकी स्वयंपाकघरातून, पलीकडे निघाली होती. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी लेखी हरकत नोंदवायची होती. बाबांनी मुद्देसूद मजकूर तयार केला, आणि माझं अक्षर सुंदर आहे या आमच्या घरातल्या जुन्या गैरसमजापोटी गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज, प्रत्येकी दोन प्रतींत, लिहायचं काम माझ्याकडे आलं. लोक न वाचता सह्या करत गेले. तेच ते लिहून कंटाळल्यावर मी एका अर्जात स्वतःच्या अकलेने एक कारण वाढवलं : ‘सदर जागेत आमचे क्रिकेट चालते.’

तो अर्ज खुद्द केतकरकाकूंचा होता. वय सत्तरीपार, आणि आमचे निदान सात चेंडू त्यांच्या कपाटात कैदेत.

सुनावणीला बाबांनी मलाही नेलं. साहेबांनी काकूंचा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“आजी, आपण क्रिकेट खेळता?”

सगळे हसले. माझ्या एका ओळीपायी काकूंचं घर जाणार! काकूंनी अर्ज मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“खेळत नाही. चेंडू जप्त करते,” त्या म्हणाल्या. “अहो, हे गेल्यापासून त्या घरात दिवसभर दुसरा आवाज नाही. रस्ता झाला की ही कार्टी घरात बसणार. मग मी ओरडायचं कुणावर? आपण येणार आहात का रोज दुपारी?”

साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतलं.

“‘सदर’ म्हणे! कुणी शिकवलं रे तुला, गाढवा?” जिन्यात काकूंनी विचारलं, पण उतरताना माझी निळी बोटं त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत सोडली नाहीत.

अंतिम नकाशात ती रेघ काकूंच्या घराला वळसा घालून गेली. श्रेय बाबांनी आपल्या मजकुराला दिलं. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

पुढे काकू गेल्या. त्यांच्यामागे घरही गेलं — रस्त्यापायी नव्हे, अकरा मजल्यांच्या इमारतीपायी. रस्ता मात्र अजून तिथे येऊन वळतो, आणि संध्याकाळी त्या वळणावर वाहनं तुंबतात. परवा तिथे माझ्या शेजारी अडकलेला रिक्षावाला वैतागला, “कुणी वाकवून ठेवलाय हा रस्ता, देव जाणे!”

मी हेल्मेटची काच खाली ओढली, आणि त्या नसलेल्या घराला, अगदी सावकाश, वळसा घातला...