रश्मीची घोरपड उलटी चालली तो दिवस

रश्मी गेली तेव्हा तिचा गेम अर्धाच झाला होता.

आज वर्ष झालं.

कुरुदच्या तिच्या घरी, समोरच्या खोलीत, आम्ही दोघी तो बनवायचो. चित्रं माझी, कोडिंग तिचं. एक घोरपड खडकांवरून चढत जाते, एवढीच गोष्ट.

पण घोरपड पडायची.

सपाट जागी मस्त चालायची. खडबडीत दगड आला की पाय हवेत. कड्याच्या खालच्या अंगाला गेली की धप्प!

रायपूरला डेमो द्यायचा होता. या गेमसाठी तिनं पुण्याची नोकरी नाकारली होती. घरात रोज त्यावरून बोलणं व्हायचं.

मी म्हटलं, "रश्मी, दगड सपाट काढून देऊ का? कोणाले समजते?"

"नाही वं. दगड असाच राहते. थे पडून राहिली तं चूक माझी आहे."

मग तिनं ग्रॅव्हिटीच बदलली.

खरंच सांगते. घोरपडीला सारखं खाली ओढणारी ताकद तिनं बंद केली. प्रत्येक पायातून एक न दिसणारी रेघ दगडाकडे सोडली. रेघ टेकेल तिथला उतार घ्यायचा, चारही पायांची सरासरी काढायची आणि अंगाला त्या दगडाकडेच ओढायचं. कडेला रेघ रिकामी जायची, तर तिथं दुसरी रेघ आत वळवून सोडली.

एका दुपारी तिनं प्ले दाबलं.

घोरपड चढली. कड्याशी आली. हळूच अंग वळवलं...

आणि उलटी होऊन खालून चालायला लागली.

ज्या दगडावर ती पाय ठेवेल, तीच बाजू तिच्यासाठी 'खाली' झाली होती.

रश्मीची आई चहा घेऊन आली. "का झालं वं?"

"आई, पाह्य ना! पडून नाही राहिली!"

काकू स्क्रीनपुढे वाकल्या. कप तिरपा झाला, चहा सांडत होता, त्यांना पत्ताच नाही.

"हे तू केलं?"

"हो."

"अरे बापा..."

डेमो झालाच नाही. त्याच आठवड्यात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं, संध्याकाळी ती नव्हती.

मला कोड येत नाही. जेवढा झाला होता तेवढाच गेम मी तिच्या नावानं नेटवर टाकला, फ्री. कुठल्या कुठल्या पोरांनी खेळला. एकानं विचारलं, "ये चिपकती कैसे है?" मी काकूंना वाचून दाखवलं.

आज तिच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर एक नातेवाईक म्हणाले, "पोरगी हुशार होती, पण नोकरी नाकारून टाइमपास करत राहिली."

काकू म्हणाल्या, "टाइमपास नाही जी. मोठं काम करून गेली थे. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

मीही पाहिलं, रश्मी.

जयभीम.